खालच्या सप्तकातला माघ

मुलुंडला थंडी पडते. हे वाक्य मुंबईत कुठेही म्हणून बघा, लोक हसतात. परवा पार्ल्याला माझ्या भावाला फोनवर सांगितलं, "अरे, आज सकाळी स्वेटर घातला," तर तो म्हणाला, "कुणाला, फ्रीजला?" हसू देत. मागे डोंगर, पुढे मिठागरं, आणि या दोघांच्या मधोमध वर्षातून जेमतेम तीन आठवडे मुक्कामाला येणारी ही आमची लाडकी पाहुणी. तिच्या स्वागताला डांबरगोळ्यांच्या वासाची ट्रंक उघडते. वॉचमन कानटोपीत शिरतो आणि एप्रिलपर्यंत बाहेर येत नाही. गाड्यांवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आणि तुरीच्या शेंगा येतात. पूर्वेला मिठागरांच्या पाण्यात दूरवर एक गुलाबी रेघ उमटते, आणि निवृत्त मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून त्या रोहित पक्ष्यांची विचारपूस करायला निघतात.

यंदाही सगळे वेळेवर आले. मी गॅलरीत उभी राहून हरभरे सोलत होते, म्हणजे निम्मे सोलत होते आणि निम्मे खात होते, आणि खालच्या मजल्यावरून आवाज आला. टक. टक टक. मग एक थाप. मग पुन्हा टक.

हा आमच्या माघाचा खरा आवाज. माघी गणपतीला तीन आठवडे राहिले की २०२ मध्ये दत्तामामा पखवाज मांडीवर घेतात आणि छोट्या हातोडीने त्याला सुरात आणायला बसतात. बरोबर त्यांच्या डोक्यावर ३०२ मध्ये आम्ही. आमचं मुलुंड पूर्वेचं घर म्हणजे मी, माझा नवरा सुहास आणि त्याचे वडील, अण्णा. ती टकटक ऐकली की मला हटकून चार वर्षांपूर्वीचा माघ आठवतो. त्या माघात मी एक अशी चूक केली, की माझ्या उभ्या आयुष्यात तिच्याइतकी उपयोगी पडलेली दुसरी गोष्ट नाही.

थांबा. पडदा उघडण्याआधी पात्रपरिचय.

मी अंधेरीला एका कंपनीत आवाज करते. पगार घेऊन करते. घरी फुकट करते, असं सुहासचं म्हणणं. कपडे धुऊन झाले की तुमचं मशीन एक लहानशी धून वाजवतं, लिफ्टचं दार उघडताना टिंग होतं, ओव्हन आपलं काम संपल्याचं तीनदा सांगतो. हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. त्यातलं थोडंफार मी लिहिलेलं आहे. याला गळा लागत नाही, तार लागत नाही, भाता लागत नाही. एका सेकंदात हवेनं किती वेळा थरथरायचं तो आकडा द्यायचा, आणि संगणक तो सूर काढून दाखवतो. आकडा मोठा, सूर उंच. आकडा लहान, सूर खाली. चोवीस वर्षं मी या आकड्यांवर पोट भरते आहे, आणि मला गाता मात्र एक ओळ येत नाही. माझ्या माहेरी, पार्ल्याला, गाणं ही सतरंजीवर बसून मान डोलावत ऐकायची गोष्ट होती. सासरी आल्यावर कळलं, की गाणं ही घाम गाळून, मान ताठ करून, गळ्याच्या शिरा फुगवून करायची गोष्ट आहे.

कारण सासरी अण्णा होते.

अण्णा कणकवलीकडच्या एका गावातून सतराव्या वर्षी गिरणीत आले. गिरणी बंद पडली, तेव्हा मुलुंडच्याच एका कारखान्यात मशीनवर उभे राहिले. या सगळ्या उलथापालथीत त्यांचं एकच काही जागचं हललं नाही, ते म्हणजे भजन. डोक्याला टोपी, पुढ्यात पेटी, मागे कोरस, शेजारी दत्तामामांचा पखवाज. आणि पट्टी काळी चार.

हे काळी चार प्रकरण समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. गाणारा आपला सा पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. बहुतेक पुरुष खालच्या पट्ट्यांवर सुखाने नांदतात. सप्तकातली चौथी काळी ही फार उंचावरची जागा, तिथे पुरुष सहसा फिरकत नाहीत. आणि अण्णा चाळीस वर्षं तिथे घर करून होते. कोकणातली माणसं बुवांची ओळख करून देताना गाव सांगतात, आडनाव सांगतात आणि पट्टी सांगतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्यांनी मला कौतुकानं सांगितलं होतं, "तुझे सासरे काळी चारचे हां!" मला वाटलं हा सरकारी नोकरीतला हुद्दा असावा.

तर, माझ्या चुकीच्या आदल्या माघात काय झालं? इमारतीच्या पार्किंगमध्ये माघी गणपती, संध्याकाळची वेळ, भजन रंगलेलं. शेवटचा गजर चढत चढत टिपेला पोचला. तिथे अण्णा वरचा सा लावतात आणि लोक टाळ्या वाजवतात, हे ठरलेलं. अण्णांनी मान वर केली, डोळे मिटले, आणि आवाज फाटला. जुनं धोतर फाटतं तसा, टर्रकन. पुढच्या रांगेतली दोन-तीन पोरं फिस्सकन हसली. अण्णांचे हात पेटीवरून खाली आले. पखवाज दोन मात्रा एकटाच चालला आणि मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी मोठ्या प्रेमानं आले. म्हणाले, "बुवा, वय झालं की सगळेच पट्टी उतरवतात. पुढच्या वर्षी काळी एक घेऊया ना."

"काळी एक?" अण्णा म्हणाले. "ती पेटीयेर आसा हा माका म्हायतच नाय."

सेक्रेटरी गेल्यावर मला म्हणाले, "पट्टी उतरवून मी गावचंय नाय गो. दत्तूक पखवाज उतरवचो लागतलो. आख्ख्या मुलुंडाक कळतला." मग थोडं थांबून, "आता गावचंयच नाय."

आणि खरोखर थांबले. सकाळी दाढी करताना गुणगुणणं थांबलं. भाजी निवडताना टेबलावर ठेका धरणं थांबलं. पेटीवर भरतकामाचं आच्छादन चढलं. आच्छादनावर आधी वर्तमानपत्रं आली, मग छत्री आली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस घाईत मी इस्त्रीचे कपडे पेटीवर ठेवले. आता हे बघा, याच पेटीवर चहाचा कप टेकवला म्हणून सुहासनं दहावीत मार खाल्ला होता. मी कपडे ठेवले आणि श्वास रोखून उभी राहिले. अण्णांनी बघितलं. काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मी घाबरले. चिडका म्हातारा घरात असणं ही एक परिस्थिती असते. तिची सवय होते, तिच्यावर विनोद करता येतात. गप्प म्हातारा ही निराळी गोष्ट आहे. पुढच्या माघाला तेव्हा पाच आठवडे उरले होते. हा माघ जर असाच गेला, तर अण्णा पुन्हा कधीच गाणार नाहीत, हे मला, सुहासला आणि खाली दत्तामामांना, तिघांनाही न बोलता कळत होतं.

मी ठरवलं, कारस्थान करायचं.

कारस्थानाची कल्पना मला लिफ्टनं दिली. लिफ्टसाठी मी दोन टिंग केले होते, वर जाताना एक, खाली येताना तोच सूर एक सप्तक खाली. सप्तक म्हणजे किती मजेची वस्तू आहे! सा वरून निघतो, रे, ग, म, प असे सगळे भेटतात, आणि सगळ्या प्रवासाअंती पुन्हा सा भेटतो. नाव तेच, स्वभाव तोच, फक्त मजला वेगळा. आमचं ३०२ आणि दत्तामामांचं २०२ घ्या. तीच खिडकी, तिथेच मोरी, तिथेच गळणारा नळ. आरतीला बायका वर गातात, पुरुष खाली गातात, आणि कुणालाही वाटत नाही की आपण वेगळं काही गातोय. मग मला वाटलं, अण्णांनी पट्टी कशाला उतरवायची? अख्खा गजर एक मजला खाली आणला तर? सा तोच राहील. पट्टी काळी चारच राहील. पखवाजाला हातोडी लावायची गरजच नाही.

पण हे अण्णांना सांगणार कोण? ऐकवलं पाहिजे, असं मी ठरवलं.

पहिला प्रयोग वाईट झाला. अण्णांच्या भरातल्या दिवसांतली एक कॅसेट होती, ती सुहासनं संगणकावर उतरवून ठेवली होती. ती मी निम्म्या वेगानं वाजवली. निम्मा वेग म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली, हे खरं. पण चालही निम्मी होते, शब्द लांबतात, श्वास घेतला तर घोरल्यासारखं वाटतं. विहिरीच्या तळाशी कुणीतरी भजन म्हणत बसलंय असं ते ऐकू येत होतं. आतल्या खोलीतून अण्णांची हाक आली, "खयचो रेडो आरडता गो?"

मी आवाज बंद केला. ज्यांचा होता त्यांना कसं सांगणार?

मग म्हटलं, कॅसेट नको. आपणच एक छोटा प्रोग्रॅम लिहावा, पेटीसारखा आवाज संगणकावर घडवावा, त्याला अण्णांचा गजर शिकवावा आणि खालच्या सप्तकात वाजवून घ्यावा. ऑफिसात सप्तक बदलायला तयार बटण असतं, दाबलं की काम झालं. त्या बटणाच्या आत काय चालतं हे मी तोवरच्या वीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. घरी पहिल्यापासून लिहायला बसले आणि मोठ्या ऐटीत बसले. अण्णांच्या सा चा आकडा दोनशेच्या जरा वर. सोयीसाठी दोनशे धरला. खालचा सा शंभर. म्हणजे शंभर कमी केले की झालं! मी प्रत्येक सुरातून शंभर वजा केले.

ज्यांना या वाक्यावर ओरडावंसं वाटलं त्यांनी कृपया शेजाऱ्यांना सांगू नये.

आता चूक पकडायची संधी होती की नाही? होती. पण आमच्या घरात एक रीत आहे. नवी पेटी येवो, दुरुस्तीला गेलेला पखवाज परत येवो, लोक फक्त सा वाजवून बघतात. सा लागला की वाद्याला नमस्कार करायचा आणि बाजूला ठेवायचं. पार्ल्याला असते तर साती सूर तपासले असते, वहीत बरोबरच्या खुणा केल्या असत्या. पण वीस-बावीस वर्षांत मी पक्की या घरची झाले होते. मी सा वाजवला. शंभर, चोख. संगणकाला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारची जेवणं झालेली, अण्णा खाटेवर पेपर घेऊन पडलेले, दत्तामामा चहाला वर आलेले. हे दोघे जगासमोर एकमेकांना अहो-जाहो करतात आणि घरात अरे-तुरे. मी संगणक टेबलावर आणून ठेवला. "ऑफिसचं काम आहे," अशी शुद्ध थाप मारली. "पेटीचा आवाज जमलाय का, जरा ऐका दोघांनी."

सा वाजला. दोघांच्या माना डोलल्या. "सा बरो लागलो," दत्तामामा म्हणाले.

आणि मग गजर सुरू झाला.

काय झालं ते आज मी शांतपणे सांगू शकते. सा शंभरावर बसला होता. पण ग चे अडीचशे, त्यातून शंभर गेले, उरले दीडशे, आणि दीडशे ही तर तिथल्या प ची जागा. प चे तीनशे, उरले दोनशे, म्हणजे बिचारा प थेट पुढच्या सा च्या अंगावर जाऊन आदळला. ज्या वरच्या सा वर अण्णांचा आवाज फाटला होता, तो तर आणखी वर निघून गेला. खाली उतरायला सांगितलेली चाल उड्या मारत माळ्यावर चढली. मध्येच एखादा सूर ओळखीचा लागे, पण चुकीच्या ठिकाणी. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस आपला काका असावा आणि तो आपल्याला ओळखत नसावा, तसं.

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "हो कोणाचो गजर?"

"तुमचाच, अण्णा."

"माझो? माझो असो चलता?"

"बुवा," दत्तामामा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कोणीतरी तुझ्या गजराक भांग पाजल्यान रे."

"परत लाव," अण्णा म्हणाले. मी परत लावला. ते उठून बसले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ते उभेच राहिले. "सा बरोबर आसा. मग बाकीचे खंय चलले? हो ग बघ, हो ग आसा? ह्या तुमच्या हापिसात कोणाक कान आसत काय नाय?"

मी मान खाली घालून उभी. खरं सांगते, लाज वाटत होती. पण लाजेच्या मागून काहीतरी निराळं डोकं वर काढत होतं, कारण गेल्या अकरा महिन्यांत अण्णा इतकी वाक्यं सलग बोलले नव्हते.

ते पेटीकडे गेले. इस्त्रीचे कपडे उचलून त्यांनी सरळ दत्तामामांच्या मांडीवर दिले. छत्री माझ्या हातात आली. आच्छादन ओढलं, झाकण उघडलं, भाता सोडवला. "हंय ये. बघ." त्यांनी वरचा ग दाबला, मग खालचा. "हो वरचो. हो खालचो. दोगांचा त्वांड एक. असो जाता सूर खाली. आता ऐक."

आणि मला समजावण्याच्या नादात, माझ्यासारख्या ढ विद्यार्थिनीला बरोबर चाल कशी असते हे दाखवण्याच्या तिरीमिरीत, अण्णा गाऊ लागले. खालच्या सप्तकात.

मी त्यांचा तो आवाज कधीच ऐकला नव्हता. चाळीस वर्षं तो बोलण्यापुरता वापरला गेला होता. काळी चारच्या उंचीवरून बघता बघता त्यांनी स्वतःच्याच तळमजल्याकडे कधी पाहिलं नव्हतं. रुंद होता तो आवाज. जरा खरबरीत, उन्हात तापलेल्या जांभ्या दगडावर हात ठेवावा तसा. कुठे ताण नाही, शिरा फुगलेल्या नाहीत. दत्तामामांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच बोट ओठांवर ठेवलं.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली, अंतरा झाला. अण्णा थांबले. "कळला?"

"नाही कळलं, अण्णा," मी म्हटलं. "पुन्हा एकदा."

माझ्या थापांच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात सुरेल थाप.

त्यांनी तीनदा गाऊन दाखवलं. मग मी आकडे समोर घेऊन बसले आणि मला दिसलं. वरचा ग अडीचशे, तर खालचा सव्वाशे. वरचा प तीनशे, तर खालचा दीडशे. वजाबाकी नव्हतीच कुठे. निम्मं करायचं होतं. सगळ्यांचं सारखंच निम्मं. मग कुणाचं कुणाशी असलेलं नातं बिघडत नाही. सा पासून ग जितका दूर वाटायचा तितकाच वाटतो, प जिथे विसाव्याला थांबायचा तिथेच थांबतो. सगळ्यांतून एकच रक्कम काढून घेतली की मात्र लहानांची वाट लागते आणि मोठ्यांना फारसं कळतही नाही. आता मी पन्नाशीत आहे, आणि माणूस म्हातारा होतो म्हणजे त्याच्यातून रोज काहीतरी वजा होतं, असाच माझाही समज होता. गुडघे वजा, दात वजा, वरचा सा वजा. त्या दुपारी वाटलं, कदाचित आपण हिशेबच चुकीचा मांडतोय. गुणगुणणारा, भांडणारा, चुकलेल्या ग वर तापणारा अख्खा माणूस तसाच्या तसा समोर बसला होता. फक्त एक मजला खाली.

मी ती एक ओळ बदलली. वजाबाकी खोडली, भागाकार घातला. या वेळी साती सूर तपासले. संध्याकाळी वाजवून दाखवलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि संपल्यावर डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, की मला पळायला जिना दिसायला लागला.

"ह्या माका गावक सांगतंस, न्हय?"

"अण्णा, मी फक्त..."

"खालच्या आवाजात गावचा म्हणजे चोरून गावचा. लोक काय म्हणतीत? बुवाचो गळो बसलो."

मी संगणक मिटला. सुहास ताटं घ्यायला आत गेला, तो अशा वेळी नेहमीच आत जातो. मदतीला आले ते दत्तामामा. ते त्या दिवशी चहाला आले होते आणि जेवायला थांबले होते.

"बुवा, पट्टी खयची?" त्यांनी विचारलं.

"काळी चार."

"माझो पखवाज उतरवचो लागतलो?"

अण्णा विचारात पडले. "नाय."

"कोरसाक काय येगळा सांगूचा लागतला?"

"नाय."

"सा बदललो?"

"सा कसो बदलात?"

"मग तुझा गेला काय रे?"

खाली कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता. त्याचा सूर थोडा चढा आहे, हे मला त्याही क्षणी जाणवल्याशिवाय राहिलं नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "हळू बोल. वरच्यांका ऐकाक जायत."

पुढचे चार आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात चविष्ट हिवाळा. दुपारी तीनला खिडक्या बंद होत. ऑफिसला जायच्या आधी मी संगणक लावून ठेवी. अण्णांनी त्याचं नाव मशीनबुवा ठेवलं होतं. मशीनबुवा एक ओळ वाजवी, अण्णा एक ओळ गात. सगळ्यात खालचा ध सुरुवातीला नुसताच गुरगुरायचा. त्यासाठी ज्येष्ठमधाची कांडी आली. मी अंधेरीहून घरी आले की दोघे मिळून मशीनबुवाच्या तक्रारी सांगत. याला श्वास नाही, हा कधी दमत नाही, याला दाद कशी द्यायची? मी त्यात मुद्दाम थोडा श्वास घातला, दोन ओळींच्या मध्ये पाव सेकंदाची विश्रांती. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "आज तो माणसात इलो." चाळीस यंत्रांना मी आवाज दिलेत, पण अशी पावती एकानेही मिळवून दिली नव्हती. स्वयंपाकघरात तिळाचा खमंग वास, खिडकीच्या फटीतून येणारी ती बोटभर थंडी, आणि आतून येणारा रुंद, खरबरीत सा. रविवारी मी हरभरे सोलत दाराशी बसून राही आणि कुणी विचारलं तर सांगे, की ऑफिसचं काम चाललंय.

माघी गणपती आला. पार्किंगमध्ये मांडव, तिळाचे मोदक, शाली, कानटोप्या. सेक्रेटरी हळूच मला म्हणाले, "बुवा बसणारेत? नक्की?" मी म्हटलं, "बघू ना." मी मुलुंडच्या थंडीत शाल काढून ठेवली. पुन्हा तसंच झालं तर? पोरं हसली तर? तर ती पेटी मीच बंद करायला लावली, असं होणार होतं.

अण्णांनी टोपी नीट केली. दत्तामामांनी पखवाज पुढे ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "बुवा, पट्टी?"

"काळी चार!" अण्णा कडाडले. "इचारतास काय?"

मागच्या रांगांमध्ये कुजबुज झाली. काळी चार? या वयात? परत?

आणि अण्णांनी सुरू केलं. पहिल्या ओळीला लोकांना वाटलं माईक बंद आहे. एक जण धावत जाऊन बटणं फिरवून आला. दुसऱ्या ओळीला वाटलं, बुवांचा घसा बसलाय, सेक्रेटरींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. अण्णांनी तो न बघता मागे सारला. मग कोरसची पाळी आली, आणि कोरसनं सवयीप्रमाणे आपल्या नेहमीच्या उंचीवर ओळ उचलली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बायकांनी धरली, पुढच्या रांगेतल्या पोरांनी धरली. वरती ते सगळे, खाली एकटे अण्णा, आणि ओळ एकच. कुजबुज कधी थांबली ते कुणालाच कळलं नाही.

गजर चढत गेला. ती जागा जवळ आली, तशी पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मी सुहासचा दंड धरला. अण्णांनी मान वर केली नाही. डोळेही मिटले नाहीत. त्यांनी शांतपणे, समोर बघत, तो सा लावला.

खालच्या सप्तकातून चढत आलेला तो शेवटचा सा म्हणजे दोनशेचा आकडा, आणि पखवाजाची शाई, म्हणजे चामड्यावरचा तो काळा गोल, नेमकी त्याच दोनशेवर सुरात लावलेली. इतकी वर्षं अण्णा तिथून गाणं सुरू करायचे आणि निघून वर जायचे. आज ते शिखर म्हणून तिथे आले आणि थांबले. दत्तामामांनी थाप मारली, हात उचलला, तरी चामडं घुमतच राहिलं, कारण अण्णांचा आवाज त्याला घुमवत होता. पेटी, चामडं आणि माणूस यांतलं कोण वाजतंय हे सांगणं अशक्य होतं. दत्तामामांचा हात हवेतच राहिला. मग टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात आधी त्या पोरांच्या पडल्या.

टाळ्यांच्या गलक्यात दत्तामामा अण्णांकडे झुकले. माईक चालूच होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"चाळीस वर्सां तू माझ्या डोक्यावरसून जायत होतंस रे. आज पयल्यांदा हाताक लागलंस."

"मग धर हात तसोच," अण्णा म्हणाले. "अजून दोन गजर आसत."